मनोरीची वाट आणि जाडबारीक सूत

मुंबईच्या उपनगरांत उभा जन्म काढूनही ज्यांनी मनोरी पाहिली नाही, असे गृहस्थ पुष्कळ आढळतात. गाव दूर आहे म्हणावे, तर तसेही नाही. मालाड स्टेशनाच्या पश्चिम अंगास उतरून मार्व्याची बस धरावी. वस्ती हळूहळू मागे पडते, वाऱ्यास खारा वास येऊ लागतो आणि शेवटी खाडीचा धक्का लागतो. तेथे तरीत पाऊल ठेवले की पाच-दहा मिनिटांत पलीकडचा किनारा येतो. तरीत माणसांच्या जोडीला फटफट्या असतात, भाजीच्या गोण्या असतात आणि मासळीच्या रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या कोळणीही असतात. ज्यांना पाण्यातून जाणे नको असेल त्यांनी भाईंदरास उतरून उत्तन व गोराई यांवरून जमिनीच्या वाटेने यावे. परंतु ती वाट लांबची, आणि खाडी ओलांडण्याची मौज तीत नाही.

मनोरी, गोराई, उत्तन ही गावे ज्या चिंचोळ्या भूभागावर वसली आहेत, त्यास जुन्या इतिहासात धारावी बेट म्हणतात. शहरातील धारावी ती निराळी. एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास खाडी आणि तिवरांचे रान, मध्ये माडताडांच्या सावलीत घरे, असा हा प्रदेश आहे. १५३४ साली वसईबरोबर हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. चिमाजी अप्पांच्या १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत तो मराठ्यांनी घेतला, आणि १७७४ साली साष्टी इंग्रजांच्या हाती पडली. राज्ये आली आणि गेली. वस्ती मात्र तीच राहिली. मुंबई-साष्टीकडील मूळच्या ख्रिस्ती रहिवाशांनी १८८७ साली, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास पन्नास वर्षे झाली त्या वर्षी, 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. तथापि त्यांची घरातील बोली मराठीच राहिली. तरीत आमच्या शेजारी बसलेल्या दोन वृद्ध स्त्रियांच्या गळ्यात क्रूस होता; परंतु त्यांचे बोलणे आमच्या कानांस मुळीच परके वाटले नाही.

आमचे मनोरीस जाणे हवापालटासाठी नव्हते. घरात एका कापडावरून वाद माजला होता. थोरल्या सूनबाईंनी कुडत्यासाठी कापड आणले होते. त्यातील धागा मध्येच जाड, मध्येच बारीक असा होता, आणि उजेडात धरले असता पावसाच्या सरींसारख्या तुटक रेघा त्यात दिसत होत्या. दुकानदाराने ते 'हातसुताचे' म्हणून दिले होते आणि त्या मानाने दामही चढा घेतला होता. थोरल्या चिरंजीवांचे म्हणणे असे की, माणसाच्या हाताने काढलेले सूत असेच असावयाचे. धाकट्यांचे म्हणणे असे की, हे गिरणीचे सोंग आहे. सौभाग्यवतींनी "आधी धुऊन तर पाहा" असा निकाल दिला. पण त्याने वाद मिटला नाही. तेव्हा त्या कापडाची एक चिंधी खिशात घालून आम्ही मनोरीची वाट धरली. कारण तेथे आमचे एक जुने स्नेही राहतात. गिरणगावातील एका गिरणीत ते स्पिनिंग मास्तर होते. गिरणी बंद पडल्यावर ते मनोरीस येऊन राहिले. तेही मास्तर आणि आम्हीही मास्तर. भेद इतकाच की, त्यांनी जन्मभर सूत सरळ केले आणि आम्ही मुले. दोहोंत सूत अधिक ऐकते, असे त्यांचे मत आहे.

कार्तिकातील सकाळ होती. घरी जाण्यापूर्वी मास्तरांनी आम्हांस समुद्राकडे नेले. वाळूच्या वरच्या अंगास बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातले होते. ज्यांना त्या वासाची सवय नाही त्यांनी वाऱ्याची दिशा पाहून चालावे, एवढेच येथे सुचवितो. पलीकडे जाळ्यांचे ढीग पडले होते, निळे आणि हिरवे. एक वृद्ध कोळी फाटलेल्या जागी नव्या ताराने गाठी मारीत बसला होता. पूर्वी ही जाळी सणाच्या व कापसाच्या दोरीची असत. ती दोरी घरोघर वळली जाई, आणि जाळे पाण्यात कुजू नये म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात ते बुडवून काढीत. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत नायलॉन आले आणि घरची दोरी गेली. "आता दोरी वळायचे काम राहिले नाही, हे बरेच झाले ना?" असे आम्ही विचारले. त्यावर म्हातारा म्हणाला, "मास्तर, जालं कवा बी बारीक जाग्याला तुटतं. बापाच्या हातची दोरी सारखी होती, म्हणून टिकली."

त्याच्या त्या वाक्यात सूतशास्त्राचे पहिले सूत्र आले. धाग्याचे बळ त्याच्या सर्वांत बारीक जागेइतकेच असते. म्हणून ज्या ज्या समाजाने सूत कातले त्या त्या समाजाने समसूत्राची, म्हणजे सारख्या जाडीच्या सुताची, थोरवी गायिली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूत्राध्यक्षाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. विधवा, अपंग स्त्रिया, कुमारिका, निराधार वृद्धा यांजकडून सूत कातून घ्यावे, आणि सूत तलम, जाड की मध्यम हे पाहून त्याप्रमाणे वेतन ठरवावे, असा तेथे नियम आहे. सूत देण्यास पहाटे येणाऱ्या स्त्रीच्या वेळी दिवा लावावा, तोही केवळ सूत पारखण्यापुरता. अधिकाऱ्याने तिच्या मुखाकडे पाहिल्यास दंड आहे. वेतन देण्यास विलंब लावणाऱ्यासही दंड आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या नियमांत सुताची पारख आणि कातणारीची मजुरी ही एकत्र बांधलेली आहेत, ही गोष्ट वाचकांनी ध्यानी ठेवावी. कारण पुढे तिचे काम आहे.

आपल्या घरांतही हीच दृष्टी होती. जानव्याचे सूत टकळीवर काढावयाचे, चार बोटांवर त्याचे शहाण्णव वेढे घ्यावयाचे, मग तिपदरी करून पीळ द्यावयाचा आणि पुन्हा तिपदरी करून नऊ तंतूंचे सूत्र सिद्ध करावयाचे. आमच्या लहानपणी ज्या वृद्धांच्या हातची जानवी गावात नावाजलेली असत, त्यांच्या सुतात जाडबारीकपणा शोधून सापडत नसे.

बाजारातील चिंधी पाहताच मास्तर हसले; पण निकाल त्यांनी लगेच दिला नाही. "गुरुजी, आधी सूत होते कसे ते पाहा, म्हणजे निकाल तुमचा तुम्हीच द्याल," असे म्हणून ते आम्हांस ओटीवर घेऊन गेले. पुढील माहिती आम्ही त्यांच्याकडून मिळविली, आणि जमेल तितक्या सोप्या शब्दांत ती येथे देतो.

मुंबईतील पहिली सूतगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवास स्थापिली आणि १८५६ साली ती चालू झाली. पुढे ज्या यंत्राने सर्व जगाचे सूत कातले ते रिंगचे यंत्र. आपल्या देशात ते रुळविण्यात जमशेटजी टाटांच्या नागपूरच्या एम्प्रेस मिलचा पुढाकार होता. ही गिरणी १८७७ साली सुरू झाली. या यंत्राचे तत्त्व आपल्या हातचरख्याचेच आहे. कापसाचा जाड पेळू ओढून बारीक करावयाचा आणि पीळ देऊन पक्का करावयाचा. चरख्यावर ओढण्याचे काम बोटे करतात. यंत्रात ते रुळांच्या जोड्या करतात. एकामागे एक अशा तीन जोड्या असतात. मागची जोडी सावकाश फिरते, पुढची वेगाने. मागच्या जोडीने एक इंच पेळू पुढे सोडला आणि पुढच्या जोडीने त्याच वेळात तीस इंच ओढून घेतला, तर पेळू तीसपट बारीक झाला. नंतर खालची चाती मिनिटास पंधरा-वीस हजार फेरे घेऊन त्यास पीळ भरते. एका यंत्रावर अशा हजार-बाराशे चात्या ओळीने असतात आणि त्यांचे रूळ सलग एकाच दांड्यावर असतात.

या सर्व यंत्रणेचा एकच ध्यास होता, तो म्हणजे सारखेपणा. सुतात फुगोटा आला, ज्यास गिरणीत 'स्लब' म्हणतात, तर तो दोष. कापूस नीट पिंजला गेला नाही, रुळाला कीटण बसले, तार जोडताना हात जड पडला, अशी त्याची कारणे. फुगोट्याबद्दल मुकादमाची बोलणी खावी लागत आणि कापडात दोष निघाला तर मजुरीवरही गदा येई. १९४८ साली स्वित्झर्लंडमधील उस्टर गावी सूत तपासण्याचे विजेचे यंत्र तयार झाले. दोन पत्र्यांच्या मधून धागा धावतो आणि त्याच्या वजनातील चढउतार कागदावर रेघेने उमटतो. सरासरीहून पन्नास टक्के जाड किंवा पन्नास टक्के बारीक अशा जागा एका किलोमीटरमध्ये किती, हे त्यावरून मोजू लागले. आपल्या उपनगरांतही घाटकोपरास १९५४ साली कापडगिरण्यांची संशोधनसंस्था, म्हणजे 'बित्रा', स्थापन झाली, आणि अशा तपासण्या तेथे होऊ लागल्या. तात्पर्य, जाडबारीकपणा शोधून काढून त्यास देशोधडीस लावण्यासाठी शंभर वर्षे मोठमोठी बुद्धी खर्च झाली.

"आणि आता," मास्तर म्हणाले, "तोच फुगोटा मुद्दाम घालण्यासाठी यंत्र विकत घ्यावे लागते."

हे यंत्र म्हणजे स्वतंत्र साचा नव्हे. रिंगच्या साच्यास बसविलेले ते एक जोडकाम असते. स्वित्झर्लंडची आम्सलर, स्पेनची पिंटर अशा कारखान्यांची या कामी ख्याती झाली. पूर्वी हे काम चाके व क्लच यांनी होत असे. आता मागच्या व मधल्या रुळांस एक निराळी सर्व्हो मोटर लावतात. आज्ञा मिळताच पापणी लवते न लवते तोच ही मोटर आपली गती बदलते. समजा, मागचे रूळ क्षणभर दुप्पट वेगाने फिरले. पुढचे रूळ आपल्या नेहमीच्या गतीनेच ओढत आहेत. तेव्हा ओढ तीसपटीवरून पंधरापटीवर येते आणि तेवढ्या लांबीत धागा दुप्पट वजनाचा होतो. वजन दुप्पट म्हणजे जाडी दुप्पट नव्हे. वर्गमुळाच्या हिशेबाने व्यास सुमारे १.४ पट होतो. हे गणित ऐकून आम्हांस फार दिवसांनी वर्गात उभे असल्यासारखे वाटले. पुढच्या रुळांतून सेकंदास पंचवीस सेंटिमीटर धागा बाहेर पडत असेल, तर पाच सेंटिमीटरचा फुगोटा काढण्यास सेकंदाचा पाचवा हिस्सा पुरतो. फुगोटा किती लांब, किती जाड आणि दोन फुगोट्यांमध्ये अंतर किती, या तीन गोष्टी यंत्रास सांगितल्या की काम झाले. मर्यादा एकच. आपल्या चांगल्या कापसाचा तंतू सुमारे तीन सेंटिमीटर लांब असतो, आणि त्याहून फार आखूड फुगोटा नीट बांधला जात नाही. कारण तंतू मध्येच तोडता येत नाही.

इतक्यात वहिनी चहा घेऊन आल्या आणि तुळशीच्या लग्नासाठी कापसाची वस्त्रे करीत तेथेच बसल्या. कापसाची लांब पट्टी घ्यावयाची, थोडी जागा फुगीर सोडावयाची, पुढे कुंकवाच्या बोटांनी पीळ द्यावयाचा, पुन्हा फुगीर, पुन्हा पीळ. मास्तरांनी एक वस्त्र उचलून आमच्या हाती दिले. "हे पाहा आमचे यंत्र. फुगोटा, अंतर, फुगोटा, अंतर. परदेशी कारखानदारांना जे उशिरा सुचले ते तुमच्या आमच्या घरांतल्या बायका देवापुढे रोज मांडीत आल्या आहेत." वहिनी म्हणाल्या, "आमचे मुद्दाम असते, भावजी. चुकून नव्हे." आम्हांस या उत्तराचे महत्त्व पुढे कळले.

कारण, मुद्दाम केलेला दोष हा चुकून झालेल्या दोषाहून कठीण असतो. फुगोटे सारख्या अंतरावर आले तर काय होते? कापडाचा पन्हा ठरलेला असतो. बाण्याचा धागा एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जातो आणि परत फिरतो. म्हणून समान अंतरावरचे फुगोटे प्रत्येक फेरीत एकमेकांच्या शेजारी येऊन पडतात आणि कापडावर तिरपे पट्टे किंवा चौकटी उमटतात. असे कापड कोणी घेत नाही. तेव्हा यंत्रास बेशिस्त शिकवावी लागते. अंतरे, लांबी व जाडी यांचे आकडे संगणक विस्कटून देतो. पुढे सूत गुंडाळणाऱ्या यंत्रावर आणखी एक अडचण येते. तेथे विजेचा पहारेकरी बसलेला असतो. जाड जागा दिसली की तो धागा कापतो आणि जोडतो. जन्मभर त्याने हेच केले. आता त्यास सांगावे लागते की, अमुक लांबीचा, अमुक जाडीचा फुगोटा हा आपला पाहुणा आहे, त्यास जाऊ द्या. त्याखेरीज जो येईल तो चोर. म्हणजे जाडबारीक सूत काढावयाचे असेल तर आधी मधले सूत निर्दोष सरळ काढता आले पाहिजे. ज्या गिरणीस समसूत्र साधत नाही, तिला विषमसूत्रही साधत नाही.

विषमसूत्राचा एक अवगुणही गृहिणींनी जाणून घ्यावा. पीळ हा नेहमी बारीक जागेकडे धावतो. जाड जागी तो कमी राहतो. म्हणून फुगोटा मऊ असतो, पण दुबळा असतो. घासणे, चोळणे यांचा मार प्रथम त्यास बसतो आणि तेथे लव उठते. असे कापड दगडावर आपटून धुण्याचे नव्हे. सौभाग्यवतींच्या "धुऊन पाहा" या निकालात म्हणजे काही शास्त्र होतेच.

मग या दुबळ्या, त्रासदायक सुताला जग इतके दाम का देते? याचे उत्तर तरुण मंडळींच्या निळ्या विजारीत आहे. डेनिमचे कापड पूर्वी रिंगच्या सुताचे होई, आणि त्या काळच्या यंत्रांमुळे त्यात थोडा जाडबारीकपणा असेच. १९६७ साली चेकोस्लोव्हाकियात रोटरने सूत कातण्याचे यंत्र बाजारात आले. ते अतिशय जलद, आणि सूतही सारखे. डेनिमवाल्यांनी ते उचलले. परंतु काही वर्षांनी शौकिनांच्या ध्यानात आले की, जुन्या विजारी विटत गेल्या म्हणजे त्यांवर ज्या उभ्या पांढुरक्या रेघा येत, त्या आता येत नाहीत. निळीचा रंग धाग्याच्या वरच्या वर बसतो, आणि फुगोटा इतर धाग्याहून वर असल्यामुळे तो आधी झिजून पांढरा पडतो. त्या रेघा म्हणजे जुन्या कातण्याच्या दोषाच्या खुणा होत्या. दोष नाहीसा होताच त्याची चणचण भासू लागली. निसर्गतः विषम असलेल्या सुतांचे मोलही असेच आहे. दोन रेशमी किडे मिळून एकच कोश विणतात, त्यातून निघणारे डुपियन रेशीम गाठाळ असते. भंडारा-गडचिरोलीकडे ऐन व अर्जुन या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचा टसर असाच थोडा ओबडधोबड असतो, आणि विदर्भातील कोष्टी मंडळींच्या करवतकाठी वस्त्रास शोभा त्यानेच येते. आज तर पॉलिएस्टरच्या अखंड तारेतही काही जागा कमी ताणून जाडबारीकपणा आणतात. त्या जागा रंग अधिक पितात आणि कापडावर गडद ठिपके उमटतात.

आता चिंधीचा निकाल. मास्तरांनी तिच्यातून पाच-सहा धागे काढले, काळ्या कागदावर ठेवले आणि चष्म्याच्या काचेखाली आम्हांस दाखविले. "फुगोटे पाहू नका, मधली जागा पाहा," ते म्हणाले. मधली जागा गुळगुळीत, ओळंब्याने आखल्यासारखी सारखी होती. साध्या चरख्यावरच्या हातसुतात विषमता फुगोट्यापुरती नसते. ती सर्वत्र असते. श्वासाबरोबर, दिवसाच्या उजेडाबरोबर, थकव्याबरोबर धागा किंचित बदलत असतो आणि पीळही कमीअधिक होतो. येथे मात्र सर्व फुगोटे एकाच घराण्याचे होते, दोन्ही टोकांस सारखे निमुळते. कापड गिरणीच्या सुताचे होते. वाईट नव्हते, पण ज्या नावाने व ज्या दामाने ते विकले होते, ते नाव व तो दाम त्याचा नव्हता.

वाद असा मिटला असता. परंतु मास्तरांनी त्यास निराळेच वळण दिले. "तुम्ही खरी खादी आणली असती, तर ती याहून सरळ निघाली असती," ते म्हणाले. हे आमच्या थोरल्या चिरंजीवांच्या मताच्या अगदी विरुद्ध होते. कारण असे. साध्या चरख्यावर कातणारीची मिळकत फार थोडी. म्हणून चरखा सुधारावा हा विचार गांधीजींच्या हयातीतच सुरू झाला. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने उत्तम चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी, वीस वर्षे टिकावा, खेड्यातील स्त्रीला शीण न होता चालविता यावा, अशा त्याच्या अटी होत्या. किर्लोस्करवाडीतही त्या स्पर्धेसाठी एक यंत्र तयार झाले होते. परंतु ते पारितोषिक कोणासच मिळाले नाही. पुढे १९५० नंतरच्या दशकात तामिळनाडूतील एकंबरनाथन यांचा अंबर चरखा पुढे आला. त्यात अनेक चात्या असतात, आणि ओढण्याचे काम बोटांऐवजी लहान रुळांच्या जोड्या करतात. म्हणजे रिंगच्या यंत्राचेच तत्त्व, फक्त चालविणारा हात माणसाचा. आजची बहुतेक सुती खादी अशाच सुधारलेल्या चरख्यांवरच्या सुताची असते. म्हणून तिचे सूत बरेच सारखे येते. परिणाम असा की, ज्या बाईने हाताने चरखा फिरविला तिचे सूत सरळ, आणि ज्या यंत्राला हात लागला नाही त्याचे सूत वेडेवाकडे. आणि ग्राहक दुसऱ्यास हाताचे समजून अधिक पैसे मोजतो.

येथे अर्थशास्त्रातील तो पहाटेचा दिवा आम्हांस आठवला. तेव्हा सूत सारखे निघाले म्हणजे त्याचे मोल कातणारीच्या पदरात पडे. आज तिच्या हाताच्या थरथरीची नक्कल विकली जाते, आणि त्याचे मोल तिच्या पदरात पडत नाही. नक्कल करणे हा गुन्हा नव्हे. सोंगाला सोंग म्हणून विकले तर त्यात काही वावगे नाही. यंत्राने काढलेले विषमसूत्र हे कारागिरीचे काम आहे, हे वर आलेच आहे. परंतु ते 'हातसूत' या नावाने विकले म्हणजे एका गरीब स्त्रीची मजुरी दुसराच कोणी घेतो. म्हणून कायद्याने खादीची व्याख्या करावी लागली. हिंदुस्थानात हातानेच कातलेल्या सुती, रेशमी वा लोकरी सुताचे, हातमागावरच विणलेले कापड ते खादी. १९५६ च्या कायद्याने निर्माण झालेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाची कचेरी आपल्या विलेपार्ल्यासच आहे. त्या आयोगाच्या 'खादी मार्क'चे नियम २०१३ साली झाले. कापड खादी आहे की नाही हे जाडबारीकपणावरून ओळखण्याचे दिवस गेले. आता खूण पाहावी लागते.

परतण्यापूर्वी मनोरीच्या एका वस्त्राविषयी दोन शब्द. ईस्ट इंडियन स्त्रिया पूर्वी चौकड्यांचे सुती लुगडे नेसत. आता ते सणासमारंभास व लग्नकार्यास बाहेर निघते. या समाजाच्या मोबाई गावठाण पंचायतीने मनोरीस एक संग्रहालय उभे केले आहे, त्यात हे लुगडे मानाने मांडले आहे. अशी लुगडी हातमागावर विणली जात. हातमागाचे कापड आणि खादी यांत पुष्कळांचा घोटाळा होतो. विणणे हाताचे पण सूत गिरणीचे, तर ते हातमागाचे कापड. कातणे आणि विणणे दोन्ही हाताचे, तर ती खादी. दोन्ही आदरास पात्र आहेत. परंतु दोन्हींची नावे वेगळी आहेत, आणि ज्याचे नाव त्यास दिले पाहिजे. लुगडे विणणाऱ्याने सुताचा बडेजाव कधी मिरविला नाही. वीण पक्की, चौकडा बिनचूक, एवढेच त्याने पाहिले.

घरी आल्यावर आम्ही हे सर्व सांगितले. धाकट्या चिरंजीवांचा पक्ष जिंकला, परंतु थोरल्यांसही अगदीच हार पत्करावी लागली नाही. कारण हातसूत ओळखण्याची खरी खूण त्यांना मिळाली. सूनबाईंनी कापडाचा कुडता शिवला. तो छान दिसतो. ते कापड काय आहे हे आता त्या विचारणाऱ्यास सांगतात.

वाचकांस आमची एक सूचना आहे. खादी घ्यावयाची असेल तेव्हा खूण विचारावी आणि सूत सरळ दिसले म्हणून नाक मुरडू नये. ते सरळपण कोणाच्या तरी हाताने कमावलेले असते. आणि घरात दहा-बारा वर्षांची मुले असतील, तर सुट्टीत त्यांच्या हाती एकदा टकळी व पेळू द्यावा. पहिला हातभर धागा काढताना तो वीस वेळा तुटेल, जाड येईल, बारीक येईल, गाठी पडतील. मुले हसतील. तो हातभर धागा मात्र फेकू नये. पुस्तकात खूण म्हणून ठेवावा. पुढे कोणत्याही दुकानात कोणी 'हाताचे' म्हणून काही पुढे केले, तर त्या मुलांना ते कशाशी ताडून पाहावे हे ठाऊक असेल.